एक काळी गोटी

पेटी विनिफ्रेड लॅथ्रॉपपर्यंत आली तेव्हा तिच्या एका मुठीत पांढरी गोटी होती आणि दुसरीत काळी. पांढरी म्हणजे डेल्फीन अर्सेनो इतिहास विभागात कायम. काळी म्हणजे विरोध. एक काळी चालते. दोन आल्या की उमेदवाराने जूनअखेर चंबूगबाळं आवरायचं.

टेबलाभोवती सहा प्राध्यापक होते. दार लागल्यावर कोणी बोलायचं नाही आणि कोण काय टाकणार याची चर्चा आधीही करायची नाही, हा विद्यापीठाचा अडीचशे वर्षांचा नियम.

विनिफ्रेडला डेल्फीन हवी होती. डेल्फीनला या विद्यापीठात आणलं होतं तिनेच. तासाभरापूर्वी डेल्फीन बाहेरच्या बाकावर गारठलेले हात चोळत बसली होती.

"लूकची औषधं विद्यापीठाच्या विम्यावर चालतात, विनी," आजारी नवऱ्याच्या काळजीने ती म्हणाली. "पाय तर गेलेच आहेत त्याचे. माझी नोकरी गेली तर हातही जातील."

"अगं, सहाही जण तुझ्या बाजूचे आहेत. एक काळी निघेल, तिला घाबरू नकोस. ती तुझ्या भल्याचीच असते."

"आणि दोन निघाल्या तर?"

"दोन कधी निघत नाहीत. जा, काहीतरी गरम पिऊन ये."

पाचामुखी परमेश्वर ही म्हण त्या विद्यापीठात कोणी ऐकलेली नव्हती. सगळ्या गोट्या पांढऱ्या आल्या की अध्यक्षांच्या कचेरीला कंपूबाजीचा वास येई आणि फाइल कायमची बंद होई. पूर्वी दोन चांगली माणसं अशी एकमताने बुडाली होती. पण गेली तीस वर्षं प्रत्येक वेळी नेमकी एक काळी निघायची, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तशी. ती कोण टाकतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग जानेवारीत विभागातले म्हातारे प्राध्यापक एझ्रा व्हिटकोम वारले. दफनानंतर कॉफी पिताना त्यांची बायको या सहा जणांना म्हणाली, "त्या काळ्या गोट्या माझ्या एझ्राच्या होत्या बरं का. जो उमेदवार राहावा असं वाटायचं, त्यालाच टाकायचे." सहाही जणांनी कपात बघितलं. नियम तो नियम. पुढे कोणी तो विषय काढला नाही.

आता एझ्रा नव्हते. विनिफ्रेडने टेबलाभोवती नजर फिरवली. विभागप्रमुख ऑर्विल थॅचर नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही. प्रेस्कॉटच्या डोक्यात हे येणारच नाही. हॅरिएट भित्री. उरलेल्या दोघांना दफनानंतरचं बोलणं आठवत असेल की नाही, देव जाणे. जुन्या विद्यापीठांचा हा रोगच आहे. खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं, अक्कल काय ती मला एकट्याला.

मैत्रिणीच्या नावावर काळी टाकायची म्हणून तिला रडू येत होतं. पण दुसरं कोण करणार? तिने काळी टाकली. उरलेली पांढरी गोटी कापडी पिशवीत सोडली आणि पेटी पुढे सरकवली.

पेटी फिरून ऑर्विलकडे गेली. तो गोट्या एकेक करून हिरव्या कापडावर ठेवू लागला. पहिली काळी निघाली. विनिफ्रेडला हायसं वाटलं. काम झालं होतं.

दुसरी काळी निघाली. तिसरी काळी. ऑर्विलची बोटं थांबली, मग पुन्हा पेटीत गेली. सहाही काळ्या.

खिडकीबाहेर बर्फ साफ करणाऱ्याचं फावडं फरशीवर घासत होतं. शेवटी नियम मोडला तो प्रेस्कॉटने.

"मी तिच्यासाठीच टाकली," तो म्हणाला. "एझ्राच्या जागी कोणीतरी हवं ना."

"मीसुद्धा," हॅरिएट म्हणाली. कोपऱ्यातल्या दोघांनी माना खाली घातल्या.

"ऑर्विल, तू?" विनिफ्रेडने विचारलं.

"मला वाटलं, तुमच्यापैकी कोणाला सुचणार नाही," ऑर्विल म्हणाला.

"पुन्हा टाकू या ना!" विनिफ्रेड ओरडली. "आत्ता, लगेच!"

"पेटी एकदा उघडली की संपलं, विनिफ्रेड. तुलाही माहीत आहे." त्याने निकाल लिहिला, सही केली आणि पाकिटावर मेण ओतलं.

डेल्फीनला सांगायला कोणी उठेना. विनिफ्रेड उठली. दार उघडताच डेल्फीन बाकावरून उभी राहिली. हातात कागदी कप होता, ओठांवर हसू होतं.

"एकच निघाली ना गं?"

"हो," विनिफ्रेड म्हणाली, "प्रत्येकाची एकच."