सासरचं प्रमाणपत्र

फोन वाजला तेव्हा वसुमतीबाई गुरुवारच्या उपासाची भगर ढवळत होत्या. फोनचा पडदा लाल झाला होता: ‘प्रमाणपत्र रद्द. आवाज बनावट असू शकतो.’

“आई, मी मंजिरी. सासऱ्यांनी मला घरातून काढलंय गं, कुटुंबाच्या प्रमाणपत्रातूनसुद्धा. स्टँडवर उभी आहे. बाबांना पाठव ना!”

आवाज हुबेहूब लेकीचा होता. पण हल्ली बनावट आवाज हुबेहूबच असतात, रडतातसुद्धा. लग्न ठरलं तेव्हा मंजिरीला आपला आवाज खरा असल्याचं स्वतंत्र प्रमाणपत्र हवं होतं. “एका चुलीवर जेवायचं, मग प्रमाणपत्र वेगळं कशाला? सासरच्या कुटुंबाचंच घे, तेच शोभतं,” असं वसुमतीबाईंनीच तिला समजावलं होतं.

“ठेव तो फोन,” मंजिरीचे बाबा म्हणाले. “शेजारच्या जोगबाईंना असंच रडून लुबाडलं. विहीणबाईंनाच विचार की सरळ.”

विहीणबाईंना फोन लावला. पडदा हिरवागार झाला, म्हणजे आवाज त्यांचाच.

“मंजिरी होय? अहो, जेवून आत्ताच आडवी झालीय. उठवू का?”

“नको, नको. झोपू दे बिचारीला.” वसुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, पडदा पुन्हा लाल. जन्मात कुणाला वावगं न बोललेल्या वसुमतीबाईंनी तो उचलला.

“मेल्या, माझ्या लेकीच्या आवाजात रडतोस? तळपट होईल तुझं!”

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. “तूच म्हणाली होतीस ना आई, सासरच्या कुटुंबाचंच घे, तेच शोभतं?”