मातीसकट वजन

एक रुमाल. गांजाची दोन झाडं. मुळांची माती. सात वर्षं. बुलढाण्याच्या कोर्टात पंजाबराव पंच म्हणून उभा राहिला तेव्हा समोर आरोपी होता त्याचाच शेजारी, जामिनावर सुटलेला गुलाबराव. सात वर्षांपूर्वी पंजाबरावानं पंचनाम्यावर सही केल्यापासून हा बालमित्र त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. “वजन तुमच्यासमोर झालं?” वकिलानं विचारलं. “हाव साहेब. पण ओल्या मातीसकट तोललं, म्हून एवढं भरलं. म्या तवाच सांगाले पाह्यजे होतं.” परतताना बसच्या खिडकीतून रुमाल टाकून पंजाबरावानं दोघांपुरती जागा धरली. गुलाबराव चढला. “ये बे गुलाब्या, बस.” “सात वर्सं मुका काऊन होता बे?” एवढंच विचारून गुलाबराव पुढे सरकला आणि वरवट बकालपर्यंत दांडा धरून उभाच राहिला. पंजाबरावानं तो रुमाल कोणालाच उचलू दिला नाही. ती दोन झाडं उपटायला छाप्याच्या दिवशी गुलाबरावाकडे सरकारच्या तीन जीपा आल्या होत्या.