राहिलेलं प्रकरण

जुना संगणक भाचीला द्यायचा म्हणून हेमांगी त्यातल्या फायली आवरायला बसली. कोळणींच्या बोलीवरचा तिचा प्रबंध बारा वर्षांपूर्वी, बाळंतपणात अर्धवट सुटला होता. पुसून टाकण्याआधी एकदा बघावा म्हणून तिनं इकडेतिकडे विखुरलेली प्रकरणं एका फोल्डरमध्ये क्रमानं लावली आणि बघतच राहिली.

"काय गं, काय झालं?" चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"आई, सहातली पाच प्रकरणं लिहून झालीयेत. मला वाटायचं, काहीच झालं नव्हतं."

"मग लाव की तुझ्या विद्यापीठातल्या बाईंना फोन!"

हेमांगीनं भीतभीतच नंबर लावला. "बाई, मी हेमांगी तांडेल..."

"आवाज ओळखला. किती राहिलंय?"

"एकच प्रकरण," हेमांगी म्हणाली आणि तिचं तिलाच हसू फुटलं.