पत्र्याखालचा तळवा

दुसऱ्याचा जीव ज्याच्या हाती सोपवलेला असतो, त्याने जाणूनबुजून केलेली फसवणूक ही चूक नव्हे. तो अधर्मच होय.

आमच्या कंपाला शहरात विजेच्या मोटारसायकली चालवणारे लोक संपलेली बॅटरी केंद्रावर देऊन भरलेली घेताना तिच्यावर तळवा ठेवतात आणि ती तापलेली लागली तर नाकारतात. म्हणून बॅटरी-केंद्राचा मालक लुबोवा बिघडून फुगलेल्या, तापलेल्या बॅटऱ्या ओल्या गोणपाटात गार करून देत असे. तशाच एका बॅटरीने पेट घेतला आणि चालक मुकीबी भररस्त्यात जळून गेला.

त्याची बहीण नाकित्तो दुपारी केंद्रात शिरली.

“माझा भाऊ जाळलास, आणि गोणपाट अजून ओलंच ठेवलंयस? लाज कशी वाटत नाही रे, मेल्या?”

“ताई, ओरडू नका, गिऱ्हाईक पळेल. हात लावून बघा की, थंडगार आहे!”

तिने संतापाने फळीवरच्या बॅटरीवर तळवा दाबला. बॅटरी खरोखरच गार होती.

मग बॅटरीवरचा पत्रा करकरला. तिच्या हाताखाली तो आतून वर येऊ लागला. बोटाला बोट भिडले, अंगठ्याला अंगठा.

तिने हात झटकला. पत्र्यावर पाच बोटांचा उंचवटा तसाच राहिला. लुबोवा पाहत असतानाच ती बोटे सावकाश मिटली आणि त्यांची मूठ वळली.

तेथे उभ्या असलेल्या दोन्ही जिवांचे रक्षण होवो.