ती वळत नाही

“ती वळत नाही, सर. मी चार वेळा वळवून पाहिलं.”

चावीवाल्या बाईंनी वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. नखांच्या कडांत पितळेचा कीस बसलेला. वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

सरांचा कथालेखनाचा वर्ग दर शनिवारी दुपारी तिथे भरायचा. सर म्हणजे वर्तमानपत्रात तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा नियम एकच: रोज एक पान. सुचो न सुचो, घरात पाहुणे असोत की अंगात ताप, ठरल्या वेळी बसायचं आणि पान भरल्याशिवाय उठायचं नाही. बँकेतले कॅशियरकाका, दाताचे डॉक्टर, बाकीच्या सगळ्यांनीच पहिल्याच आठवड्यात पळवाटा शोधल्या. बाईंनी मात्र नियम मनावर घेतला. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं चाव्या बनवायचं दुकान होतं, एक माणूस उभा राहील एवढं. सकाळी शटर अर्धं वर करायचं आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत मशीनशेजारच्या फळीवर पान लिहून मोकळं व्हायचं. सात महिन्यांत एका दिवसाचाही खाडा नाही.

त्या पानांतून एक बाई उभी राहिली होती. ती बसस्थानकातल्या बाकावर आपल्या पाच वर्षांच्या मुलीला बसवते, तिच्या हातात बिस्किटांचा पुडा देते, “आलेच हं” म्हणते आणि निघून जाते. कायमची.

तिच्या वहाणेचा तुटलेला पट्टा दोऱ्याने शिवलेला, स्वेटरचं सगळ्यात खालचं बटण वेगळ्याच रंगाचं, पिशवीच्या बुडाला तेलाचा डाग. असलं काही कल्पनेतून येत नाही, हे सरांनी पहिल्याच वाचनाला ओळखलं होतं. बाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. वर्गात कुणी मुलाबाळांचं काढलं की पाणी प्यायला उठायच्या. सर काय समजायचं ते समजले होते आणि गप्प राहिले होते.

पण आता वर्गाचा कथासंग्रह छापायला जायचा होता. बाईंची कथा त्यात पहिली होती.

“एकदा मागे बघू दे तिला,” सर म्हणाले. “रडू नको दे हवं तर. नुसतं वळू दे. नाहीतर वाचक तिला माफ करणार नाहीत.”

“तिने माफी मागितलीय कुठे?”

“अहो, पोटची पोर आहे!” कॅशियरकाकांना राहवलं नाही. “कितीही दगडाच्या काळजाची असली तरी वळेल.”

“मग तुमच्या कथेतली वळवा, काका. लिहायला घ्या आधी.”

काका चष्मा पुसायला लागले.

“पात्रं आपण घडवतो, बाई,” सरांचा आवाज चढला. “लगाम आपल्या हातात हवा.”

“ओढला की लगाम. पहिल्यांदा वळवली, तर सगळं पानच खोटं वाटायला लागलं. मग रडवली, तर माझ्याकडेच बघून हसली. एकदा धावत परत आणली. एकदा तर पोलिसांकडून पकडून आणली! कशाला बधली नाही. शेवटी म्हटलं, जा बाई, तुला जायचं तिथे. आणि तिच्या मागून चालत गेले.”

“कुठे गेली ती?” दाताच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“बसमध्ये बसली. खिडकी मिळाली म्हणून तिला बरं वाटलं. आणि झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच, मध्ये दचकून न उठता.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. सरांना मात्र आपल्याच वर्गात आपलं कुणी ऐकत नाही याचा राग आला.

“हे वाचकाच्या गळी उतरणार नाही.”

“सर, तुम्ही रोज लिहिता?”

सरांनी समोरचे कागद सारखे केले.

“एक पान?”

“हल्ली नाही.”

“मी हिच्याबरोबर सात महिने रोज बसलेय. तुमची तिची ओळख शनिवारच्या पाऊण तासापुरती. कुणाचं ऐकू?”

“मग ही कथा संग्रहात घेता येणार नाही,” सर म्हणाले, आणि म्हणताक्षणीच पस्तावले.

“नका घेऊ.”

बाईंनी वही पिशवीत टाकली, खुर्ची नीट आत सारली आणि निघाल्या. आवाज नाही, आदळआपट नाही. त्यांच्या वहाणा जिन्यावर वाजत गेल्या तसे सर अस्वस्थ झाले आणि मागोमाग धावले. खालच्या पायरीवर त्यांनी बाईंना गाठलं.

“थांबा. चुकलंच माझं. कथा जशी आहे तशी छापू, एक शब्दही न बदलता.” त्यांना धाप लागली होती. “फक्त एक सांगतो, रागावू नका. मला पहिल्या दिवसापासून कळलंय. तुमच्यावर काय वेळ आली असेल, ते विचारणारा मी कोण? पण ती मुलगी आता मोठी झाली असेल. कधीतरी हे तिच्या हाती पडेल. आई जाताना वळलीसुद्धा नाही, हे तिने वाचायचं? तिच्यासाठी तरी विचार करा.”

बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मला मूलबाळ नाही, सर,” त्या म्हणाल्या. “त्या बाकावर मी बसले होते.”