पुसलेली तीट

खेळाचं हेल्मेट काढून शलाका स्वयंपाकघरात आली, तेव्हा नवऱ्याने, हेरंबने, तिचा चहा ओतून ठेवला होता. चहावर साय आली होती. ती बघून तिने कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

तिच्या कंपनीचा लढाईचा खेळ खेळणाऱ्याच्या आठवणींतून त्याचंच घर, त्याचीच माणसं उभी करायचा. बंदुकीच्या तापलेल्या पुंगळीचा चटका, भिंतीचा उडालेला गिलावा, घशाला पडलेली कोरड, सगळं हुबेहूब. म्हणूनच कंपनीत एक रीत होती. बाळाला लावतात तशी प्रत्येक खेळाला तीट लावायची, म्हणजे एक चूक मुद्दाम ठेवायची. या खेळात चहावर साय येत नसे. शंका आली की कपात बघायचं; आपण आत आहोत की बाहेर, ते लगेच कळायचं.

शलाकाला मात्र ती चूक डोळ्यांत खुपायची. आज सकाळी कुणालाही न विचारता तिने ती दुरुस्त केली आणि साय कशी जमली ते बघायला स्वतःच आत शिरली.

"अगं, पी ना, गार झाला," हेरंब म्हणाला.

"मी बाहेर आलेय ना रे?"

"म्हणजे काय? समोर तर उभी आहेस!"

खेळातला हेरंबही हेच म्हणाला असता.

दाराची कडी वाजली. तो उघडायला गेला. शलाकाचा हात नकळत कमरेशी गेला. बंदूक नव्हती. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

खेळ रिकाम्या हातांनी सुरू व्हावा, हेही तिनेच सुचवलं होतं.