छापण्याआधी

“आता वाचते, मधे बोलू नकोस,” शर्वरीनं आईला बजावलं आणि कागद पुढ्यात धरले. आई गवार मोडत राहिली.

स्त्रियांच्या मासिकातली शर्वरीची इंटर्नशिप संपत आली होती. शेवटचा लेख तिनं आईवरच लिहिला होता. तान्ह्या लेकीला घेऊन नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईवर. संपादक सुलभाताईंना तो आवडला, पण तिथला नियम म्हणजे नियम. जिच्यावर लिहिलं, तिला वाचून दाखवल्याशिवाय एक ओळ छापायची नाही.

“एसटीत बसल्यावर तिच्या डोळ्यांचं पाणी खळेना...” शर्वरीचा आवाज कापरा झाला. याच वाक्याला ऑफिसात सगळ्या गलबलल्या होत्या.

गवार मोडणारे हात थांबले. आई चक्क हसत होती.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण रडली असशीलच ना गं?”

“रडत होतीस ती तू. सगळा रस्ता भोकाड पसरलं होतंस,” आई म्हणाली. “मी स्टँडवर भडंगाची पुडी घेतली होती. खिडकीपाशी बसून एकटीनं संपवली. कुणाला न विचारता.”